गारांच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर

आमच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये एक जूनला जन्मलेली इतकी पोरं आहेत की त्या दिवशी नाशिक जिल्ह्यात दुसरं काही काम झालंच नसावं. मी या शाळेचा क्लार्क. तोंडावर सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, कारण माझ्या खिडकीतून व्हरांड्यातलं सगळं ऐकू येतं. मी चिडका आहे हे कबूल. दिवसभर दाखले, बोनाफाईड, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि वर पोरांचे प्रश्न, यात हसतमुख राहणारा माणूस मला दाखवा, मी त्याला खुर्ची देतो.

एक जूनचं गणित सोपं आहे. पाड्यावर बाळ घरीच जन्मतं, नोंद कोणी करत नाही. पुढं बाप पोराला शाळेत घालायला नेतो तेव्हा गुरुजी जन्मतारीख विचारतात आणि बाप म्हणतो, भात लावायच्या आधी केव्हातरी. गुरुजी एक जून टाकून मोकळे होतात, म्हणजे पहिलीच्या वयात पोर बरोबर बसतं. मग ते पोर जिथं जाईल तिथं हा एक जून दाखल्यावर बसून त्याच्याबरोबर जातो. आमची शाळा पेठ रोडला. हरसूल, पेठ, सुरगाण्याकडून कामाला आलेली माणसं आजूबाजूलाच राहतात, त्यामुळे हे एक जूनवाले आमच्याकडे ढिगानं.

आता संजना पगारे बाईंचं सांगतो. त्या आमच्या ग्रंथपाल. ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. बाई यायच्या आधी तिथल्या कपाटांना कुलपं असत, कारण पुस्तकं वाचली की खराब होतात असं तेव्हाच्या मंडळींचं मत होतं. बाई रुजू झाल्या त्याच दिवशी त्यांनी सगळी कुलपं काढून माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि ती कुठं जमा करायची ते विचारलं. ती कुलपं अजून माझ्या खणात आहेत. कोणी परत मागितली नाहीत.

बाईंचा सगळा कारभार एका शब्दावर चालतो. पोरगं येऊन म्हणणार, वटवाघळं आंधळी असतात. बाई विचारणार, कशावरून? आवाज चढवून नाही, चेष्टेनं नाही, खरंच जाणून घ्यायचं आहे अशा चेहऱ्यानं. पोरगं म्हणणार, मामानं सांगितलं. बाई म्हणणार, मामाला कशावरून? मग पोरगं कपाटाकडे वळतं. उत्तर त्या कधीच देत नाहीत. पुस्तक दाखवतील, जागा दाखवतील, नाहीतर एखाद्या माणसाकडे पाठवतील, आणि तो माणूस पुष्कळदा मी असतो. एकदा चार पोरी खिडकीत येऊन विचारू लागल्या की शाळेची घंटा पितळेचीच का असते. मी हाकलून दिलं. घरी गेल्यावर मात्र जेवताना बायकोला मीच विचारलं, घंटा पितळेचीच का असते गं? ती म्हणाली, तुम्हाला झालंय काय.

बाईंनी शाळेत एक रीत पाडली होती. शाळेत येणारा रोजचा पेपर त्या रद्दीत देत नसत. महिन्याचा एक गठ्ठा, त्याला सुती पट्टी, अशी सगळी वर्षं मागच्या रॅकवर लावलेली. ज्याचा वाढदिवस असेल त्याला बाई तो जन्मला त्या वेळचा पेपर काढून देत, तोही जन्माच्या दिवशीचा नाही, दुसऱ्या दिवशीचा. कारण आपल्या दिवशी काय घडलं ते दुसऱ्या दिवशी छापून येतं, हे पोरांना एकदा कळलं की ती कधी विसरत नसत. पोरानं दिवसभर तो पेपर वाचायचा आणि त्यातून पडलेला एक प्रश्न सगळ्या वर्गापुढं विचारायचा. मग वर्ग त्या प्रश्नाच्या मागं लागायचा. चॉकलेटं कोणी लक्षात ठेवत नाही, पण कोणाच्या वाढदिवसाला कोणता प्रश्न निघाला होता ते पोरं सांगतात.

एक जूनवाल्यांची मात्र पंचाईत. त्यांचा वाढदिवस उन्हाळ्याच्या सुटीत. म्हणून शाळा उघडली की बाई त्यांना एकत्र बसवून आपापल्या वर्षाचा दोन जूनचा पेपर देत. मागच्या जूनमध्ये सहावीतली राखी भोये तशीच पेपर घेऊन बसली. तिचं गाव हरसूलकडचा पाडा, बाप मार्केट यार्डात हमाल. तिनं पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, नीट घडी घातली आणि बाईंना परत दिला. हा माझा पेपर नाही, म्हणाली.

"कशावरून?" बाईंनी विचारलं.

"आजी म्हणती, मी झाले तव्हा गारा पडत व्हत्या. यात गारा नाय. यात नुसतं ऊन हाय."

मी तेव्हा ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होतो, म्हणून हे माझ्यासमोर घडलं. दुसरा कोणी असता तर हसून सोडून दिलं असतं, किंवा दाखल्यावर लिहिलंय तेच खरं म्हणून पोरीला गप्प केलं असतं. मी स्वतः तेच करणार होतो. बाईंचा चेहरा मात्र असा उजळला की जणू पोरीनं त्यांना काहीतरी भेट दिलं. त्या म्हणाल्या, मग तुझा पेपर शोधायचा.

मधल्या सुटीत राखी माझ्या खिडकीत आली. रजिस्टरातली तारीख बदलायला काय लागतं, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, पुरावा लागतो, आणि तू आधी वर्गात जा. ती गेली नाही. तिचा वाढदिवस कधी कोणी केला नव्हता, असं तिनंच सांगितलं. घरी करत नसत आणि शाळेत सुटी असे. एवढ्यावर ती रडेल असं मला वाटलं, पण ती म्हणाली, "मला केक नको. मला माझा दिवस पाहिजे." मग ती बाईंकडे जाऊन पुरावा म्हणजे काय ते विचारू लागली, आणि तिथून सगळं सुरू झालं.

आजी, म्हणजे यशोदाबाई, पाड्यावरच राहायची आणि भात निघाल्यावर दिवाळीनंतर लेकाकडे नाशिकला यायची. तोवर थांबावं लागलं. ती आली तशी बाईंनी तिला ग्रंथालयात बोलावलं आणि खुर्चीवर बसवलं. म्हातारी आधी बिचकली. आयुष्यात तिला कोणी असं मधोमध बसवून काही विचारलं नसावं. सहावीचा वर्ग समोर मांडी घालून बसला आणि बाई भिंतीला टेकून नुसत्या ऐकत राहिल्या. प्रश्न पोरांनीच विचारायचे होते.

"हरसूलचा बाजार व्हता त्या दिशी," म्हातारी म्हणाली. "हिचा बाप पातेलं आणाया गेलेला, बाळाचं पाणी तापवाया. बाजारात गारा आल्या. लय मोठ्या. त्यानं पातेलं डोक्यावं धरलं आन् पळत आला. घरी आला तर ही रडत व्हती."

भारत नावाचा एक बोलका मुलगा आहे. त्यानं विचारलं, हे सगळं इतकं कसं आठवतं. म्हातारी म्हणाली, पातेलं अजून घरात आहे. दुसऱ्या दिवशी राखी ते घेऊन आली. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं, बुडावर खोलगट पोचे. बाईंनी ते पुसून ग्रंथालयाच्या मधल्या टेबलावर ठेवलं आणि शेजारी चिठ्ठी लावली, "साक्षीदार". पोरं येता-जाता त्या पोच्यांमध्ये बोटं घालून बघत.

भारत म्हणाला, मोबाईलवर शोधू. बाईंनी लगेच आपला फोन दिला. त्यात गारपीट निघाली खरी, पण इतक्या वर्षांची आणि इतक्या गावांची निघाली की पोरांचं डोकं चक्रावलं. हरसूलचा बाजार काही त्यात सापडला नाही. मग परत म्हातारीकडे. वर्ष ठरलं राखीचा चुलतभाऊ सनी याच्यावरून. तो दवाखान्यात झालेला, त्याचा दाखला होता, आणि राखी त्याच्यानंतरच्या पहिल्याच हंगामातली. म्हातारीला अजून एक आठवलं. राखीचा बाप त्या आठवड्यात दिंडोरीकडे द्राक्षतोडणीला जाणार होता आणि गारांनी बागा झोडपल्यामुळे तोडणीच झाली नाही. द्राक्षतोडणी म्हणजे फेब्रुवारी नाहीतर मार्च. दोनच गठ्ठे बघायचे राहिले. राखी त्या शनिवारी घरी जाताना मला खिडकीतून सांगून गेली, सोमवारी सापडणार.

सोमवारी रॅक रिकामं होतं.

झालं होतं असं. जानेवारीत शाळेची तपासणी येणार होती. आमचे मुख्याध्यापक दिनेश पिंगळे, शाळेत नुकतेच आलेले, माणूस सरळ, पण द्राक्षवाल्यांच्या घरातला. थंडी वाढली की द्राक्षाचे मणी गुलाबी पडतात आणि तो माल कोणी घेत नाही, म्हणून प्रत्येक घडाला पेपर गुंडाळतात. त्या दिवसांत आमच्याकडे रद्दीला मोठा मान. दिंडोरीच्या मेव्हण्याचा फोन आला, पेपर कमी पडताहेत. सरांनी ग्रंथालयात जुने पेपर पिवळे पडलेले बघितले. खोलीही मोकळी होईल आणि मेव्हण्याचं कामही होईल, असा विचार करून रविवारी पिकअपमध्ये सगळे गठ्ठे घालून दिले. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकाला हे सुचलंही नसतं.

मी भांडण बघायला तयार होऊन बसलो होतो. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. बाई रिकाम्या रॅकवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले ते मी पाहिलं. राखी त्यांच्या शेजारी उभी होती. पिंगळे सरांना प्रकार कळला तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. ते काही बोलणार तेवढ्यात बाईंनी विचारलं, घडांना पेपर लावून झालेत का? सरांनी फोन लावला. झाले होते, नुकतेच.

"मग काही गेलेलं नाही," बाई म्हणाल्या. "जागा बदललीय फक्त. मी मुलांना घेऊन तिकडे जाते."

सरांनी त्याच दिवशी बसची व्यवस्था केली आणि मला बरोबर जायचा हुकूम सोडला. मी कुरकुरत गेलो.

सरांचा मेव्हणा गोरक्ष बागेच्या तोंडाशी उभा होता. पोरांची फौज बघून तो वाटेत आडवा झाला. दोन महिन्यांवर आलेला माल, आणि समोर साठ हात. बाईंनी त्याच्यादेखत पोरांना सांगितलं, कोणी घडाला हात लावायचा नाही, डोळ्यांनी वाचायचं, वाचता येत नसेल तर मान वाकडी करायची. प्रत्येकाला एकेक ओळ वाटून दिली. मांडव डोक्याएवढा, त्याखाली ओळीनं पेपरात गुंडाळलेले घड, आणि त्याखालून वर बघत चाललेली पोरं. कोणी मोठ्यानं बिबट्याची बातमी वाचतंय, कोणी सोन्याचा भाव, कोणी लग्नाची जाहिरात. एका पोरीला दुसऱ्याच कोणाचा वाढदिवसाचा पेपर सापडला, तर तिनं त्याला तीन ओळी पलीकडून हाक मारून बोलावलं.

मी बांधावर बसणार होतो. पण समोरच्याच घडावर एका चोरीची बातमी होती. चोर रोज येतो, फक्त लोणच्याची बरणी नेतो, आणि पोलिसांनी एका रात्री पाळत ठेवली तर — इथं पेपर फाडलेला. गोरक्षनं प्रत्येक पानाचे दोन तुकडे केले होते. मला असा संताप आला की सांगता सोय नाही. मी उठलो आणि उरलेला तुकडा शोधत दोन ओळी पालथ्या घातल्या. वाटेत बाई भेटल्या. काय शोधताय भाऊसाहेब, असं त्यांनी विचारलं नाही. नुसत्या हसल्या.

दुपार कलली तेव्हा भारतनं हाक मारली. राखी, गारा. सगळी पोरं तिकडे धावली आणि गोरक्ष त्यांच्या पुढं धावला. पानाचा खालचा अर्धा तुकडा होता. राखीनं मान वाकडी करून वाचलं. काल दुपारी जिल्ह्याच्या पश्चिम भागात गारपीट, दिंडोरीत बागा भुईसपाट, हरसूलचा आठवडे बाजार उधळला. तिनं ते पुन्हा वाचलं. 

पण तारीख वरच्या तुकड्यावर, आणि तो कुठं गेला कोणास ठाऊक. पोरं हिरमुसली. राखी मात्र घडाखालून हलली नाही. पेपरला दुसरी बाजू असते, ती आतून काय आहे, असं तिनं गोरक्षला विचारलं. गोरक्ष कधीचा त्या बातमीकडे बघत उभा होता. त्यानं कागदाची कड दोन बोटांनी हलकेच उघडून धरली. आत कांद्याचे भाव होते आणि वर बारीक अक्षरात, चार मार्च.

"म्हणजे पेपर चार मार्चचा," भारत म्हणाला.

"कशावरून?" हे राखीनं विचारलं. "भाव बाजार उठल्यावर कळतात. चारचे भाव पाचच्या पेपरात येतील. आन् भायेरच्या बातमीत लिहिलंय, काल गारा पडल्या. म्हणजे पेपर पाचचा आन् गारा चार मार्चला."

बाईंनी फोनमध्ये त्या वर्षीचं कॅलेंडर उघडलं आणि फोन तिच्या हातात दिला. चार मार्चला वार कोणता ते तिनंच बघितलं. हरसूलच्या बाजाराचाच वार होता. मग ती रडली, आणि बाईंनी तिला जवळ घेतलं. तो कागद तेवढा काढून द्या म्हणून मी गोरक्षला सांगितलं, पण तोडणी होईपर्यंत घडावरचा कागद निघत नाही, एकदा निघाला की घड उन्हानं जातो. राखीच म्हणाली, राहू द्या.

नाशिकला आल्यावर मी तारीख बदलायचा प्रस्ताव तयार केला. वर्तमानपत्राच्या अर्ध्या तुकड्यावर कचेरी मानत नाही, त्याला प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, ग्रामपंचायत असं सगळं लागतं, आणि त्यामागं मी अजून पळतोय. बातमी शाळेत फुटली तशी माझ्या खिडकीशी एक जूनवाल्यांची रांग लागली. एक म्हणतो मी पोळ्याला झालो, एक म्हणते आमची गाय व्याली त्याच रात्री मी. मी एकेकाला विचारतो, कशावरून? तोंडातून निघून जातं.

चार मार्चला ग्रंथालयात सहावीचा वर्ग जमला. यशोदाबाई त्याच खुर्चीवर होती. पिंगळे सरांनी आता प्रत्येक महिन्याच्या गठ्ठ्याला वेगळा कप्पा असलेलं लोखंडी कपाट आणलं आहे आणि बागेतून तोडणीबरोबर निघणारे कागद ओळीनं परत येत आहेत. त्या दिवशीचे कागद घेऊन गोरक्ष स्वतः आला. हातात एक घड होता, आणि तो अजून त्याच अर्ध्या तुकड्यात गुंडाळलेला. औषधाचे डाग पडलेले, ऊन लागून कडा तांबूस झालेल्या. त्यानं तो राखीसमोर ठेवला. तिनं कागद सोडवला. आत हिरवेगार, टपोरे मणी होते.

रीतीप्रमाणे तिनं आपला पेपर वाचला. मग बाईंनी तिचा प्रश्न विचारायला सांगितला. ती म्हणाली, त्या दिवशी ज्यांच्या बागा गेल्या, त्यांचं पुढं काय झालं?

बाई पुस्तक शोधायला कपाटाकडे वळल्या.  तेवढ्यात दारात उभा असलेला गोरक्ष बोलला.

"माझी गेली व्हती. पान राहिलं नव्हतं मांडवावर. वडील म्हणले, मुळं जिवंत हायेत, छाटणी करू. त्याच खोडाचा हा घड हाय."

 पगारे बाईंनी तोंड उघडलं आणि त्या काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. पण त्यांच्याआधी राखी म्हणाली, अगदी हळू, "कशावरून, काका?"

गोरक्ष आधी चमकला, मग हसला. गारांचे व्रण खोडावर अजून आहेत, म्हणाला, या, दाखवतो. अख्खा वर्ग उभा राहिला. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, भाऊसाहेब, परवानगीचा कागद कराल का. मी तो आधीच लिहायला घेतला होता.